टरफलं, पापुद्रे आणि चुना

१३ ऑगस्ट २०२५, नागपूर

टरफलांचा दुष्काळ पडलाय. कॉलेजमागच्या गल्लीतला भुर्जीचा ठेला पंधरवडाभर अर्धाच लागतो. "सावन सुरू आहे ना मॅडम, कोन खाते अंडे?" म्हणत ठेलेवाल्या भाऊंनी आज जेमतेम अर्धी पिशवी हातात ठेवली. एरवी ऑइलपेंटच्या रिकाम्या डब्यात गच्च भरून ठेवतात. पैसे घेत नाहीत. सुरुवातीला त्यांना वाटायचं मी गुलाबांना घालते. पाण्यातलं फ्लोराइड काढायला, असं सांगितल्यापासून ते गिऱ्हाइकांना माझी ओळख "पाणीवाल्या मॅडम" अशी करून देतात.

प्रकल्पाच्या अर्जात 'बहुविद्याशाखीय' हा शब्द मी चार वेळा लिहिलाय, तोही पहिल्या पानावर. आमच्याकडे त्याचा व्यवहारातला अर्थ असा की रसायन, भौतिक आणि वनस्पतिशास्त्र या तिन्ही विभागांत मिळून मफल भट्टी एकच आहे. सोमवारी वनस्पतीवाले पानांची राख करतात, मंगळवारी माझी टरफलं भाजतात. गुरुवारी कोणाची पाळी, यावरून दोनदा भांडणं झालीत.

तरी या खेपेला शब्द अगदीच पोकळ नाही. अंड्याच्या टरफलात पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम कार्बोनेट असतं. त्यापासून मी हायड्रॉक्सिॲपेटाइट करणार. हाड आणि दात ज्या खनिजाचे असतात तेच हे. बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड ते धरून ठेवतं. माझा मावसभाऊ दंतवैद्य आहे. दात काढल्यावर जबड्यात राहिलेल्या खड्ड्यात भरायला त्यालाही हीच भुकटी हवी आहे. आणि टरफलाला आतून चिकटलेला पापुद्रा भौतिकच्या मॅडमना हवा आहे. हवेशिवाय जाळला की त्याचा कोळसा होतो, तो त्या वीज साठवणाऱ्या सुपरकपॅसिटरच्या पट्टीला फासणार. एका अंड्यात आरोग्य, ऊर्जा आणि पर्यावरण. अर्ज लिहिताना हे वाक्य मला फार आवडलं होतं.

१९ ऑगस्ट

पापुद्रा सोलणं हे काम पगारावर कोणी करणार नाही. एमएस्सीची दोन पोरं आणि आम्ही दोघी तीन तास बसलो. टरफलं रात्रभर पाण्यात भिजवायची, कड नखाने उचलायची आणि ओल्या कागदासारखा पापुद्रा अलगद ओढायचा. हाताला दोन दिवस वास राहतो.

मी म्हटलं, विरल आम्लात टाकू, चुना विरघळेल, पापुद्रा आपोआप सुटेल. भौतिकच्या मॅडम म्हणाल्या, "अगं, मग तुझं टरफल जाईल की." माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. त्यांना फक्त पापुद्रा दिसतो, मला फक्त टरफल. उलट, मी पापुद्र्यासकट भट्टीत घातलं तर माझं काहीच बिघडत नाही. तो जळून जातो. म्हणजे हे तीन तास सगळे त्यांच्यासाठी. हे मी बोलले नाही, इथे लिहून ठेवते.

पापुद्रा मात्र बघण्यासारखा आहे. सूक्ष्मदर्शकाखाली तो प्रथिनांच्या धाग्यांचा, एकावर एक पडलेल्या सुतांच्या गुंत्यासारखा दिसतो. नायट्रोजन आणि गंधक त्यात मुळातच आहे. त्यामुळे कोळसा झाल्यावर ही मूलद्रव्यं वेगळी घालावी लागत नाहीत आणि धाग्यांची जाळीही तशीच राहते. विद्युतभार साठवायचा तर पृष्ठभाग हवा आणि द्रावणातल्या आयनांना आत-बाहेर करायला वाट हवी. कोंबडीच्या भ्रूणाला श्वास घेता यावा म्हणून झालेली ही जाळी सुपरकपॅसिटरवाल्यांना आयती मिळाली. २०१२ च्या सुमारास यावर एक चांगला शोधनिबंध आला होता. मॅडमनी तो मला तिसऱ्यांदा पाठवलाय.

२३ ऑगस्ट

तान्हा पोळा. सकाळी लाकडी बैल घेऊन शेजारची पोरं बोजारा मागून गेली. मारबतीच्या मिरवणुकीमुळे इतवारीकडचे रस्ते बंद होते, तरी दुपारी प्रयोगशाळेत पोचले. मंगळवारची पाळी लाइन गेल्याने वाया गेली होती, आणि आज भट्टीवर हक्क सांगायला कोणी नव्हतं.

नऊशे अंशांवर दोन तास. शंभर ग्रॅम शुद्ध कार्बोनेटमधून चव्वेचाळीस ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून जातो, छप्पन ग्रॅम कळीचा चुना उरतो. पर्यावरणाच्या प्रकल्पातला हा वायू कोणी अर्जात लिहीत नाही. मीही लिहिला नाही.

गार झालेल्या पांढऱ्या तुकड्यांवर पाणी शिंपडलं की ते चुरचुरतात, फुटतात आणि वाफ येते. पोरांना बीकरला हात लावायला लावला. चटका बसल्यावरच त्यांना विश्वास बसला की ही उष्णता चुन्यातून आली. चुना भिजवताना निघते तितकीच उष्णता देऊन, पाचशे अंशांच्या आसपास तापवून, त्यातलं पाणी पुन्हा घालवता येतं. उन्हाळ्यातली सूर्याची उष्णता अशी कोरड्या चुन्यात साठवून ठेवायची आणि हवी तेव्हा पाणी घालून मोकळी करायची, यावर जर्मनीत बरंच काम चालू आहे. घराला सफेदी करणाऱ्या आमच्या आजीला भिजत्या चुन्याची ही आग चांगली माहीत होती. ती पोरांना चुन्याच्या हौदाजवळ फिरकू देत नसे.

४ सप्टेंबर

दिवसभर थेंब मोजले. चुन्याच्या दुधात फॉस्फरिक आम्ल ब्युरेटमधून थेंबथेंब सोडायचं, ढवळत राहायचं आणि सामू नऊ-दहाच्या खाली उतरू द्यायचा नाही. घाई केली की दुसराच फॉस्फेट तयार होतो. कॅल्शियमचं फॉस्फरसशी प्रमाण १.६७ हवं, म्हणजे दहाला सहा. दुपारी चारला शिपाई दादा चहा घेऊन आले आणि मी मान वळवली. तेवढ्यात नळ जास्त उघडला गेला आणि सामू आठच्या खाली. अख्खा बीकर ओतून दिला. सामूचं यंत्र पीं पीं करत होतं आणि मी चहाचा कप घेऊन त्याच्याकडे बघत होते.

दुसरी खेप रात्री आठला संपली. आता चोवीस तास नुसतं मुरू द्यायचं. लोणच्यासारखं.

११ सप्टेंबर

क्ष-किरणांचे आलेख आले. एका भुकटीचे दोन भाग केले होते. एक फक्त ऐंशी अंशांवर वाळवलेला, दुसरा नऊशे अंशांवर भाजलेला.

भाजलेल्याचा आलेख म्हणजे चित्र. पंचवीस-सव्वीस अंशांच्या मध्ये एक सुबक पीक, मग बत्तीसच्या आसपास तीन उंच पीक्स एकमेकांना खेटून, प्रमाण कार्डावर जिथे असायला हवीत बरोबर तिथेच. वाळवलेल्याचा आलेख अगदीच बेंगरूळ. तिन्ही पीक्स वितळून एक ढेपाळलेला उंचवटा झालेला. कण फार बारीक आणि रचना विस्कटलेली असली की असं होतं. भाजलेला आलेख मी मोबाइलवर भावाला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "ताई, हा तर दाताच्या एनॅमलसारखा आहे." एनॅमल शहाण्णव टक्के खनिज असतं. शरीरात याहून कठीण दुसरं काही नाही. हाडातलं ॲपेटाइट मात्र या ढेपाळलेल्या आलेखासारखं दिसतं. बारीक, अर्धवट आणि कार्बोनेट मिसळलेलं. शरीराला ते सतत मोडायचं आणि नव्याने बांधायचं असतं, फार पक्कं करून चालत नाही.

१८ सप्टेंबर

आज डोकं फिरलं.

ऊर्ध्वपातित पाण्यात सोडियम फ्लोराइड घालून लिटरला पाच मिलिग्रॅमचं द्रावण केलं, दोन्ही भुकट्या सारख्या वजनाने टाकल्या, तासभर हलवलं आणि गाळलं. चित्रासारखा आलेख देणाऱ्या भुकटीने जवळजवळ काहीच केलं नाही. बेंगरूळ भुकटीने पाणी एक मिलिग्रॅमच्या खाली आणलं.

नंतर वाटलं, यात आश्चर्य कसलं. ॲपेटाइटच्या स्फटिकात षट्कोनी बोगदे असतात आणि त्यात हायड्रॉक्सिल आयन ओळीने बसलेले असतात. फ्लोराइडचा आकार जवळपास तेवढाच, भारही तेवढाच, म्हणून तो त्या जागेवर बसू शकतो आणि तिथे जास्त घट्ट बसतो. फ्लोरॲपेटाइट होताना स्फटिकाची एक बाजू ९.४२ वरून ९.३७ ॲंगस्ट्रॉमपर्यंत आक्रसते. पण फ्लोराइडला आत शिरता यायला हवं ना. नऊशे अंशांवर भाजताना बारीक कण एकमेकांत मिसळून मोठे झाले, पृष्ठभाग गेला आणि दारं बंद झाली. परीक्षकांना देखणा आलेख आवडतो. बोअरच्या पाण्याला दुसराच लागतो.

दातांवर टूथपेस्टमधलं फ्लोराइड नेमकी हीच अदलाबदल करतं. तिथे तिच्यामुळे दात आम्लाला सहजी दाद देत नाही. तीच गोष्ट पाण्यातून रोज, लहानपणापासून, जास्त मात्रेत होत राहिली की तयार होत असलेल्या एनॅमलवर आधी खडूसारखे डाग पडतात, मग पिवळे-तपकिरी पट्टे. पुढे हाडं आणि सांधे आखडतात. भारतीय प्रमाणानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर दीड.

संध्याकाळी भौतिकच्या मॅडम आल्या. मी मोजत होते त्या इलेक्ट्रोडकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हा तर माझा विषय आहे." इलेक्ट्रोडच्या टोकाला लँथॅनम फ्लोराइडचा एक छोटा स्फटिक असतो. त्यात किंचित युरोपियम घातलं की जाळीत फ्लोराइडच्या काही जागा रिकाम्या राहतात. शेजारचा आयन रिकाम्या जागी उडी मारतो, त्याची जागा रिकामी होते, पुढचा तिथे येतो. घन पदार्थातून आयन चालत जातो. १९६६ साली फ्रँट आणि रॉस यांनी हा इलेक्ट्रोड केला. आज ज्या घन विद्युतविलेयाच्या बॅटऱ्यांची चर्चा चालते, त्यातलं मूळ तत्त्व हेच. मी वीस वर्षं तो वापरते, टोकाचा काचेसारखा तुकडा टिश्यूने पुसते आणि केसमध्ये ठेवते. तो काय आहे, हे आज बघितलं.

२४ सप्टेंबर

नवरात्र. ठेला बंद. भाऊ देवीच्या मांडवात पंखे लावताना दिसले. लांबूनच हात हलवून "दसऱ्यानंतर!" म्हणाले.

८ ऑक्टोबर

दुपारी रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. क्योटोचे सुसुमु कितागावा, मेलबर्नचे रिचर्ड रॉबसन आणि बर्कलीचे ओमर याघी. धातू-सेंद्रिय जाळ्या. धातूचे आयन कोपऱ्यावर, सेंद्रिय रेणू काड्यांसारखे मधे, आणि आत नुसती पोकळी. याघींच्या १९९९ च्या एमओएफ-५ या जाळीचे एक-दोन ग्रॅम घेतले तर आतला पृष्ठभाग फुटबॉलच्या मैदानाएवढा भरतो. अशाच जाळ्यांतून वाळवंटातल्या कोरड्या हवेतलं पाणी रात्री धरून दिवसा सोडवलंय. याघींचं लहानपण अम्मानमध्ये, घरात नळ नव्हता.

पोरांना रॉबसनची गोष्ट जास्त आवडली. १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना रेणू दाखवायला त्यांनी लाकडी गोळे करून घेतले होते. कोणत्या गोळ्याला कुठे भोकं पाडायची, हे ठरवताना त्यांच्या लक्षात आलं की पुढची सगळी रचना त्या भोकांच्या जागेतच लिहिलेली आहे. एकाने लगेच विचारलं, "मॅडम, आपल्याकडे सुतार आहे का?" आपल्याकडे भट्टीचा फ्यूजही नाही, म्हटलं.

१४ ऑक्टोबर, एसटीत

बोअरचं पाणी आणायला पांढरकवड्याकडे निघालोय. मी, एक पोरगा आणि प्लास्टिकच्या चोवीस रिकाम्या बाटल्या. लाल डब्याच्या मागच्या सीटवर बाटल्या इतक्या खडखडतात की कंडक्टरने विचारलं, दूध आणायला चाललात का.

बसवरून काचेचे संशोधक लॅरी हेंच आठवले. १९६७ साली ते अमेरिकेत एका परिषदेला जाताना बसमध्ये व्हिएतनामहून परतलेल्या एका कर्नलशेजारी बसले होते. हेंच किरणोत्सर्ग सोसणाऱ्या काचेबद्दल सांगत होते. कर्नल म्हणाला, ते ठीक आहे, पण माणसाच्या शरीरात टिकेल असं काही करता येतं का? आमच्या पोरांचे पाय कापावे लागतात, कारण आत घातलेलं धातू-प्लास्टिक शरीर नाकारतं. हेंच फ्लोरिडात परतले. हाडात कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं, मग काचेतही तेच घालू, असा सरळ विचार केला. ४५ टक्के सिलिका, साडेचोवीस-साडेचोवीस टक्के सोडा आणि चुना, सहा टक्के फॉस्फरसचं ऑक्साइड. १९६९ मध्ये उंदरांच्या मांडीच्या हाडात या काचेचे तुकडे बसवले. काही आठवड्यांनी शल्यविशारदाने ते ओढून काढायचा प्रयत्न केला, तर निघेनात. काचेच्या पृष्ठभागावर ॲपेटाइटचा थर चढला होता आणि हाडाने त्याला आपला म्हणून धरलं होतं.

परिषदेत हेंच काय बोलले ते कोणाला आठवत नाही. बसमधला प्रश्न आठवतो. माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ सगळी वाट झोपेत होते.

१५ ऑक्टोबर

गावाचं नाव लिहीत नाही. शाळेत गेलो तर चौथीच्या वर्गात हसणारी मुलं तोंडावर हात धरतात, तेवढ्यावरून कळतं. दंतवैद्य भाऊ आला असता तर म्हणाला असता, डागाची पातळी किती. मला मागची आठ वर्षं दिसत होती. आठेक वर्षांपर्यंत एनॅमल घडत असतं, त्यानंतरचं चांगलं पाणी ते डाग पुसू शकत नाही.

एका आज्यांच्या अंगणात बसलो. सत्तरीच्या आत असाव्यात, मान वळवायची तर सगळं अंग वळवतात. असं आखडणं फ्लोराइडमुळे होतं, हे आपल्या देशात १९३७ साली नेल्लोर जिल्ह्यातून नोंदवलं गेलं. म्हणजे अठ्ठ्याऐंशी वर्षं झाली.

आज्यांचं त्यांच्या बोअरवर प्रेम आहे. "लय गोड पानी हाय. या पान्यात डाळ कशी लोण्यावानी शिजते. थ्या खालच्या हिरीच्या पान्यात दाना तसाच राह्यते." यात रसायनशास्त्र नेमकं आहे. डाळ शिजत नाही ते कठीण, कॅल्शियमवाल्या पाण्यात. आणि पाण्यात कॅल्शियम भरपूर असतं तिथे फ्लोराइड फार वाढू शकत नाही, दोघं मिळून खाली बसतात. खडकातून जाताना कॅल्शियम हरवलेलं, बायकार्बोनेटाचं मऊ पाणीच फ्लोराइड पोटात घेऊन येतं. जिभेला जे गोड, डाळीला जे चांगलं, तेच हाडाला वाईट. आता हे आज्यांना सांगणार कसं? मी म्हटलं, खालच्या विहिरीचं पाणी प्यायला आणि बोअरचं डाळीला. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की डाळ काय आम्ही फेकून देतो का.

मग आमच्या भुकटीचं सांगितलं. मडक्यात थर घालायचा, वरून पाणी ओतायचं. सगळं ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "हे कायचं बनवता?"

पोरगा उत्साहाने म्हणाला, अंड्याच्या टरफलाचं.

आज्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. मी आधी बघायला हवी होती. त्यांनी पाण्याचा गुंड हळूच स्वतःकडे ओढला. रागावल्या नाहीत. "तुमी चा घ्या," म्हणाल्या, आणि विषय संपला.

टांझानिया आणि केनियात जनावरांची हाडं जाळून केलेल्या कोळशाने फ्लोराइड काढतात. चांगलं चालतं, त्यातही काम करतं ते ॲपेटाइटच. ते आपल्याकडे स्वयंपाकघरात शिरणार नाही म्हणूनच मी हाडाऐवजी टरफल घेतलं होतं. मला वाटलं होतं मी फार व्यवहारी विचार केलाय.

५ नोव्हेंबर

चोवीस बाटल्यांची मोजणी संपली. बेंगरूळ भुकटी बोअरच्या पाण्यातही फ्लोराइड उतरवते, पण एक मिलिग्रॅमपर्यंत नाही. बाटल्यांपैकी बऱ्याच दीडच्याही वर अडकल्या. बायकार्बोनेट त्याच जागांसाठी रांगेत उभं राहतं. शिवाय पाण्याचा सामू आठच्या वर, तिथे भुकटीच्या पृष्ठभागावर ऋणभार चढतो आणि ऋणभाराचा फ्लोराइड ढकलला जातो. ऊर्ध्वपातित पाण्यात या दोघांपैकी कोणी नव्हतं.

भुकटी वाढवली की आकडा खाली येतो. पण मग घरटी महिन्याला किती लागेल, याचा हिशेब केला आणि वही मिटली.

इथे नागपुरात नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या लोकांनी नलगोंडा पद्धत बसवली त्याला पन्नास वर्षं झाली. तुरटी आणि चुना घालायचा, ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा. गाळाचं आणि पाण्यात उरणाऱ्या ॲल्युमिनियमचं दुखणं त्यात आहेच. पण तुरटी आणि चुना कुठल्याही दुकानात मिळतो, आणि कोणाची माळ आड येत नाही. आमच्या पिढीने तिच्याबद्दल फार नाकं मुरडली. मीही शोधप्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात मुरडलं होतं, अडीच पानं.

१७ नोव्हेंबर

भाऊ आला होता. त्याला बेंगरूळ भुकटी नको आहे. त्याच्या कामाला ठरावीक आकाराचे भाजलेले दाणे हवेत, जे जबड्यात महिनोन्‌महिने टिकतील आणि नवीन हाडाला धरायला जागा देतील. जड धातूंचा अंशही नको. मला हवी ती भुकटी त्याला निरुपयोगी, त्याला हवी ती मला. सामान एक, भट्टी एक, फरक आठशे अंशांचा.

"म्हणजे तू फुकट गेलेलं मला देणार," तो म्हणाला.

भौतिकच्या मॅडमचं बरं चाललंय. नळीच्या भट्टीत नायट्रोजनखाली आठशे अंशांवर पापुद्र्यांचा कोळसा झाला. विद्युतदाब आणि प्रवाहाचा आलेख चौकोनी यायला हवा तसा जवळजवळ आला. आधीच्या खेपेला रोध जास्त होता म्हणून तो पानासारखा निमुळता येत होता. त्यांनी कोळसा पुन्हा धुतला, तेवढ्याने सुधारला. मला हेवा वाटला. त्यांच्या पट्टीला गावाला जावं लागत नाही.

१ डिसेंबर

पानठेल्यावर थांबले होते, बडीशेप घ्यायला. ठेलेवाला पानावर बोटाने चुना फिरवत होता, आणि मी बघत राहिले.

आज्या पान खातात. दारातच पानाचा डबा होता आणि त्यात चुन्याची डबी. दगडाचा चुना. वणी-चंद्रपूरकडे चुनखडी एवढी की सिमेंटचे कारखाने तिच्यावर उभे आहेत. पाण्यात विरल्यावर कॅल्शियमला तो कोंबडीतून आला की खाणीतून, हे कुठे आठवतं? मग टरफल कशाला? टरफल अर्जासाठी. 'टाकाऊतून टिकाऊ' म्हटलं की परीक्षकांच्या भुवया खाली येतात. बाजारातला चुना म्हटलं तर विचारतात, यात नवीन काय.

दोन किलो भिजवायचा चुना घेतला. दुकानदाराने विचारलं, मॅडम, घर रंगवताय?

९ डिसेंबर

बाजारातल्या चुन्याची भुकटी. आलेख आला. पीक्स त्याच जागी, पण टरफलाच्या बेंगरूळ भुकटीपेक्षाही पसरट. दगडाच्या चुन्यात मॅग्नेशियम असतं आणि ते ॲपेटाइटच्या स्फटिकाला नीट वाढू देत नाही, असं पुस्तकात आहे. पोरगा खजील चेहऱ्याने म्हणाला, "मॅडम, खराब आलं." मी त्याला पेढा आणायला पाठवलं.

बोअरच्या उरलेल्या पाण्यात टाकून बघितली. टरफलाच्या भुकटीएवढंच उतरलं, एका बाटलीत थोडं जास्त. एका बाटलीवरून काही बोलायचं नाही. सामू आधी थोडा खाली आणून मग भुकटी, असं करून बघायला हवं. मडक्यात ते कसं जमवायचं, आणि संपलेली भुकटी पुढे टाकायची कुठे, ते अजून माहीत नाही. फ्लोराइड धरून बसलेलं ॲपेटाइट म्हणजे जवळजवळ खतकारखान्यात जाणारा खनिज फॉस्फेटच. बघू.

भौतिकच्या मॅडमना सांगितलं की आता मला टरफलं लागणार नाहीत. भावाला थोडी लागतील, त्याला दगडातलं लोखंड-मॅग्नेशियम चालत नाही. त्या क्षणभर गप्प झाल्या.

"मग माझे पापुद्रे कोण सोलणार?"

मी म्हटलं, मंगळवारी येते.

संध्याकाळी ठेल्यावरून डबा आणला. थंडी पडलीय, अंडी जोरात खपताहेत. डबा काठोकाठ भरलेला, उचलताना वरची दोन टरफलं खाली पडली आणि भाऊंनी ती उचलून परत आत घातली.